पवनीच्या पत्त्यावर रजा

पवनी,
६ मार्च २०२५

चि. लिलाधर यास,
अ. आ. वि. वि.

मी जिवंत आहे, हे आधी लिहिते. कारण तुझ्या अर्जाप्रमाणे मी मरणपंथाला लागले आहे.

काल सकाळी पोलीस ठाण्यातला कमलेश चौकशीला आला. मी शिडीवर उभी राहून स्वयंपाकघराच्या भिंतीला चुना मारत होते. माझाच जुना विद्यार्थी, त्यामुळे चपला दारात काढल्या आणि मान वर करून नुसता बघत राहिला. मग म्हणाला, की बाई, कागदात त तुमी शेवटच्या घटका मोजून राहिल्या, तुमाले भेटाले तुमच्या भावानं पॅरोल मागतला, आता मी काय लिवू. मी त्याला सांगितले, की दिसते ते लिही, आणि आलाच आहेस तर शिडी धर.

त्याने दोन्ही केले. तेव्हा ही रजा तुला मिळणार नाही. दोष मला देऊ नकोस.

तलावाच्या मासेमारीच्या भांडणात तुझ्या हातून माणूस मेला, जन्मठेप झाली, तेव्हा सगळ्या गावाने पाठ फिरवली. मी फिरवली नाही. रंजू तुझे घर सोडून माहेरी दिघोरीला गेली. तुझी लेक रिंकू माझ्याकडे राहून शिकली, आज भंडाऱ्याला दवाखान्यात नर्स आहे. गेल्या वर्षी तू फर्लोच्या वार्षिक रजेवर आलास तेव्हा जामीन मीच होते. रोज ठाण्यात हजेरी दिलीस, मुदतीत परत गेलास, माझी मान ताठ राहिली. जूनमध्ये पुन्हा फर्लो होतीच. तेवढा दम धरवला नाही, आणि तुझ्या अर्जासाठी मला मारायला निघालास. खोटेच बोलायचे होते तर स्वतःचे पोट दुखवायचे.

कारण काय, ते सरळ लिहावे. लोभ आहेच, तो वाढव म्हणून लिहीत नाही.

तुझी,
कुंताताई


नागपूर कारागृह,
१४ मार्च २०२५

ती. कुंताताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुहं पत्र भेटलं. इथं पत्र आधी साहेब वाचते. शिडी धर म्हणाली ते त्याले लई आवडलं. हसत हसत म्हणे, का बहीण काही मरत नाही बाबा तुही.

ताई, रिंकूचं लग्न ठरलं. वीस तारखेले दिघोरीत साक्षगंध हाय, मे महिन्यात लग्न. मले वाटे तुले मालूमच असन. तुह्या पत्रात त्याचा एक शब्द नाही, तवा समजलो का तुले बी सांगतलं नाही.

रंजू मुलाखतीले आली होती. रडून रडून म्हणे, का पोराकडचे लोक भिलाईत नोकरी करून आता एकोडीले राहाले आले, त्याइले केसचं काही मालूम नाही, तुमी सुरतेले कामाले गेले असं सांगतलं. पोरीच्या लग्नासाठी पॅरोल भेटते, पण पोलीस एकोडीले जाऊन पोराच्या बापाले विचारन का लग्न खरं हाय का. मंग लग्न कायचं रायते. म्हणून तुले बीमार पाडलं. दुसरं माणूस कोण हाय मले.

मंडपात बसाचं नव्हतं मले. साक्षगंधाच्या गर्दीत मांगं उभं राहून पाहून घेतलं असतं. जूनमध्ये येईन तवा पोरगी नांदाले गेली रायते.

तू खरं सांगतलं, त्याचा राग नाही. लहानपणी बी बाबाले माहं नाव तूच सांगे. फक्त साक्षगंधाले जाऊन ये, अन् पोरगा कसा हाय ते लिव. लोभ हाय तेवढा राहू दे, कमी नको करू.

तुहा,
लिलाधर


पवनी,
२२ मार्च २०२५

चि. रिंकू हिस,
अ. आ.

परवा मी बोलावणे नसताना दिघोरीला आले. तुझा बाप ये म्हणाला म्हणून आले. बोलावणे राहून गेले असेल, अशी मी वाटेत स्वतःची समजूत घातली होती.

ओसरीवर पाय ठेवला आणि तुझ्या आईचे कपाळ पाहिले. कुंकू नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही, हातात बांगडी नाही. मला वाटले, नागपूरहून काही वाईट निरोप आला आणि मलाच कळवले नाही. मग तुझ्या होणाऱ्या सासूने हळहळत मला सांगितले, की बिचाऱ्या रंजूबाईंचे मालक अकरा वर्षांपूर्वी वैनगंगेत बुडाले. जो माणूस भर पुरात नदी पार करून पैज जिंकायचा, तो तुम्ही वैनगंगेत बुडवला.

आणि तू पुढे होऊन माझी ओळख करून दिलीस, की या पवनीच्या शाळेतल्या आमच्या बाई.

मी शाळेतल्या बाईसारखीच बसले. पाणी प्यायले आणि निघाले. खोटे बोलले नाही, खरेही बोलले नाही. परतीच्या बसमध्ये मला माझीच लाज वाटली.

तुझी वेणी मी घातली, तापात रात्री मी काढल्या. आत्या म्हणायला तुला कमीपणा वाटला. उत्तर लिही. फोन करू नकोस, फोनवर तू रडशील आणि मुद्दा राहील.

कुंता


भंडारा,
२ एप्रिल २०२५

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रागावणार हे माहीत होते. बोलावले नाही त्याचे कारण एकच, तुम्हाला खोटे बोलता येत नाही. तुमची ओळख आत्या म्हणून दिली असती तर पुढचा प्रश्न बाबांबद्दल आला असता, आणि तुम्ही उत्तर दिले असते.

याआधी दोन ठिकाणी आम्ही खरे सांगितले होते. दोन्ही ठिकाणचे लोक चहा अर्धा टाकून उठले. एका बाईने जाता जाता आईला विचारले, का पोरीचा हात बी बापासारखा चालते का. त्यानंतर आईनेच ठरवले. ज्या दिवशी मंगळसूत्र काढले त्या दिवशी ती जेवली नाही. बाबांना मात्र तिने सुरतेचीच गोष्ट सांगितली आहे.

आता मोठी गोष्ट मागते. यंदा जूनमध्ये तुम्ही जामीन राहू नका. जामीन नसला की रजा होणार नाही. बाहेर आले की बाबा मला भेटायला एकोडीला येतील, त्यांना धीर निघणार नाही. दोन-तीन वर्षे जाऊ द्या, माझे पाय तिथे रोवू द्या. तब्येतीचे कारण दिले तर बाबा तुम्हाला काही विचारणार नाहीत.

लग्नालाही येऊ नका. लोभ ठेवा म्हणायला तोंड नाही, तरी म्हणते.

तुमचीच,
रिंकू


पवनी,
१४ मे २०२५

चि. लिलाधर यास,
अ. आ. वि. वि.

रिंकूचे लग्न सहा तारखेला झाले. मी गेले नाही, म्हणून मंडपाचे वर्णन मागू नकोस. मुलगा साक्षगंधाला पाहिला होता. उंच आहे, बोलतो कमी, वडीलधाऱ्यांना पाण्याचा पेला दोन्ही हातांनी देतो. पोरगी सुखात राहील असे वाटते.

आता दुसरे. हे वाचताना खाली बस.

एकोडीत तू सुरतेला गेलेला नाहीस. तिथे तू अकरा वर्षांपूर्वी वैनगंगेत बुडून वारलास. साक्षगंधाला रंजू कोऱ्या कपाळाने वावरत होती. हे मी लिहिले नसते तर जूनमध्ये तू मिठाईचा पुडा घेऊन जावयाकडे गेला असतास आणि ही बातमी त्यांच्या ओसरीवर उभा राहून ऐकली असतीस. ती बहिणीच्या हातची असावी.

तू बाहेरच येऊ नयेस म्हणून यंदा मी जामीन राहू नये, असे पोरीने मला लिहिले. तब्येतीचे कारण द्या म्हणाली. बाप आणि लेक दोघांनाही मीच आजारी लागते. तिला शिव्या देऊ नकोस, त्या मी दिल्या आहेत. मी वाढवलेली पोर मला बाई म्हणाली, हे मी विसरणार नाही. तिच्या सासरी जाऊन सांगणारही नाही.

काल कमलेश जामिनाच्या चौकशीला आला. म्हणाला, की बाई, यंदा बी तुमीच का, का तब्येत बरी नाही. मी सही केली.

माझ्या अटी ऐक. एकोडीला जायचे नाही. तिथे तू मेला आहेस, आणि पोरीचा संसार त्यावर उभा आहे. दिघोरीलाही नाही. रंजूला वाटले तर ती इथे येईल, कुंकू लावून येईल. पवनीत तू जिवंत आहेस. रोज सकाळी ठाण्यात हजेरी द्यायची आणि तिथून थेट घाटावर जाऊन वैनगंगेत पोहायचे, चार लोकांना दिसेल असे.

यापुढेही फर्लोच्या अर्जात कारण लिहीत बसू नकोस. या रजेला कारण लागत नाही.

तुझी,
कुंताताई