विहिरीच्या कोमट पाण्याचा प्रश्न

बाबा, आज तुमची आठवण आली ती जरा रागातच आली, हे आधीच सांगून ठेवते. तुमची पणती प्रताप नगरच्या या घरात बसून कॉलेज करते. मुलं वर्गात येईनात म्हणून कॉलेजनं भूगोलाचे तासच मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली. पोरं कंटाळतात म्हणून सरांनी तासाचे छोटे तुकडे केलेत, आणि वर विचारतात, कोणती वेळ सोयीची पडेल. आमची नातबाई तास लावते, मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवते आणि आंघोळीला निघून जाते. तास चालला की हजेरी लागते. ऐकायला मी असते, मेथी निवडत.

नरखेडकडच्या आपल्या विहिरीवर, माझ्या लहानपणच्या थंडीतल्या एका सकाळी, पंपाचं पाणी ओंजळीत घेऊन मी विचारते आहे, "बाबा, बाहेर इतकी थंडी, अन् पाणी कोमट काहून?" तुम्ही हसता. "हे कॉलेजातले लोक सांगतीन वं. मले काय विचारून राहिली?" मी ते मनात धरून बसले. मॅट्रिक झाल्यावर कॉलेजचं नाव काढलं, तर तुम्हीच म्हणालात, "कॉलेज सुटते पाच वाजता, अन् आपली शेवटची एसटी साडेचारले. घरी येशीन कशी?" कारण खरं होतं, म्हणून तर धड भांडताही आलं नाही. पुढं जे शिकले ते मुलांच्या पुस्तकांतून, फोडणी करपू न देता.

परवा सर जमिनीखालच्या पाण्यावर बोलत होते. खाली प्रश्न लिहायला जागा असते. मी हात पुसले आणि आपला तो कोमट पाण्याचा प्रश्न लिहिला. संध्याकाळी उत्तर आलं. वर 'फार छान प्रश्न', आणि पुढे नातीचं नाव, मोबाईल तिचाच ना.

"आजी, सर मले काहून छान म्हणून राहिले? मी तं काहीच नाही विचारलं."

"आंघोळीतून विचारलं असशीन वं."

ती हसली, बोटानं ते वर सरकवलं आणि रील पाहू लागली. उत्तर वाचलंसुद्धा नाही. माझा जीव आहे तिच्यावर, पण त्या दिवशी तिची वेणी माझ्या हातून जरा घट्टच घातली गेली.

सरांचं उत्तर मला पाठ आहे. तेच तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले होते. इथवर आले आणि हात आखडला. कॉलेजकडून मला मिळालेली एवढी एकच गोष्ट आहे, बाबा, आणि तीही दुसरीच्या नावावर. तुम्हालासुद्धा द्यावीशी वाटत नाही.