मैनाआजीचा जावई

२ जून, सकाळी ११.१०
आजपासून रोजनिशी. माझ्याशिवाय कुणी वाचू नये. वाचलीच तर खोडाखोडीकडे दुर्लक्ष करावं.

कारण तसंच घडलंय. रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून केबलवाल्या नाथाशेठचा फोन आला. त्याच्या केबल चॅनलवर शनिवारी सहाला लागणारा आमचा बाहुल्यांचा कार्यक्रम, 'मैनाआजीचं गाऱ्हाणं', बालपडदा पुरस्काराच्या शेवटच्या तिनात! उरलेले दोन मुंबई-पुण्याचे, मोठ्या चॅनलचे. २० जुलैला मुंबईत परीक्षक आणि पोरांसमोर पाच मिनिटं करून दाखवायचं.

निर्माता मी. दिग्दर्शक मी. बाहुली हलवणारा मी. आवाज सासूबाईंचा, पण ती तात्पुरती सोय आहे. (दोन वर्षं झाली.)

४ जून
तात्पुरती सोय कशी झाली ते नोंदवून ठेवतो. पुढेमागे मुलाखतीत विचारतील.

सासूबाई, म्हणजे सीताबाई, वडखळच्या खाली खाडीकडच्या. जन्म मिठागरात राबण्यात गेला. त्यांच्या घरची जुनी रीत, सासूने जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्याशी एक शब्द नाही. पदर पुढे ओढतात आणि जे काय असेल ते भिंतीला सांगतात. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे पेणला राहायला आल्या. मी तेव्हा आमच्या मुलीच्या, किमयाच्या, शाळेच्या गॅदरिंगसाठी चिंध्यांची एक म्हातारी बाहुली केली होती. एका सकाळी बाईंनी ती तोंडासमोर धरली आणि बाहुलीच्या तोंडून मला विचारलं, आरं, सूर्य डोक्याव आला, कवा उठशील?

दुसरा असता तर रागावला असता. मी मोबाइल लावून शूटिंग केलं आणि नाथाशेठला पाठवलं. आता बाहुली माझ्या हातात आणि बाई पडद्यामागे.

आजीच्या प्रत्येक गोष्टीत एक ऐतखाऊ जावई असतो. पडद्यावर कधी दिसत नाही. पूर्ण काल्पनिक. बाईंची कल्पनाशक्ती दांडगी आहे, हे मान्य करायला हवं. असला माणूस त्यांनी कुठे पाहिला असेल देव जाणे.

५ जून
बायकोने, नूतनने, अट घातली. पुरस्कार आला तर ती एक अक्षर बोलणार नाही. नाही आला तर २१ जुलैपासून विठूदादाच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या घासकामाला जायचं. दादाशी बोलून झालंय म्हणे.

मी हसत हसत कबूल केलं. कंपनीतली शिफ्ट सोडून तीन वर्षं झाली. शिफ्टमध्ये कला मरते. घासकामात तर ती पॉलिश पेपरबरोबरच झिजून जाईल.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. दोन तास रियाझ. मोबाइल बंद.

६ जून, सकाळी ९.४०
उठलो. पाचचा गजर लागला होता, पण मोबाइल बंद ठेवायचा असल्यामुळे तोही बंद केला.

१४ जून
रोह्याला जाऊन आलो. नाथाशेठच्या ऑफिसात शेजारच्या वरसे गावची चार-पाच पोरं बसली होती. मैनाआजीवाले काका आले म्हणताच गलका झाला. बरं वाटलं. मी सही करायला पेन काढलं तर एक जण विचारतो, चिंबोरीचं पुढं काय झालं?

गोष्ट खाडीतल्या चिंबोरीची, म्हणजे खेकडीची, आहे. जावई खारबांधावर, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर, झोपतो. आजी म्हणते, चिंबोरी आली, तिने त्याचे पायाव बीळ केलान, पोरा काढलीन, पोरा मोठी झाली, तरी यो हलला नाय!

मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. पण पोरं खुर्च्यांवरून खाली. नाथाशेठ म्हणाला की शेठ (मला शेठ म्हणतो), मुंबईला हीच चिंबोरी घेऊन जा, जावयाशिवाय जाऊ नका. मी शांतपणे समजावलं की पोरांना खरं तर बाहुलीची हालचाल आवडते, गोष्ट निमित्त असते. तो व्हय व्हय म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

येताना एसटीत निर्णय पक्का केला. फायनलला सगळं नवीन. नवी बाहुली. शुद्ध भाषा. विषय 'पाणी वाचवा'. आवाज माझा. जावई नाही. मुंबईत आगरी बोली कुणाला कळणार?

१९ जून
विठूदादाच्या कारखान्यात गेलो. बाहुली म्हटल्यावर चेहरा सुबक हवा, आणि सुबक चेहऱ्याला पेणमध्ये काय तोटा? दादाकडे गौरीच्या मुखवट्यांचे साचे आहेत. एक मुखवटा काढून घेतला. डोळे तिथल्या चंद्रावतीबाईंकडून करून घेतले. गेली तीस वर्षं गणपतींचे डोळे रंगवतात, दुसरं काही रंगवत नाहीत. मी म्हणालो, जरा मिश्कील करा. त्या म्हणाल्या, माझ्या हाताला एकच नजर येते बाबा, पसंत असंल तर ने.

डोळे अप्रतिम. कुठूनही बघा, आपल्याकडे कृपादृष्टीने बघते.

दादा म्हणाला की प्लास्टर आहे, हातात जड होईल. दादाला बाहुलीनाट्यातलं काही कळत नाही.

२० जून
वजन केलं. पावणेतीन किलो. व्यायाम होईल.

२८ जून
उजवं मनगट सुजलंय. डाव्याने तालीम. नूतन अंगणवाडीतल्या कामावरून आली, खोलीत पाऊल टाकलं, बाहुली बघितली आणि चपला बाहेर काढून आली. कलाकृतीचा असा दरारा असावा लागतो.

६ जुलै
सासूबाईंना सांगितलं की फायनलला त्यांना दगदग नको, आवाज मीच देतो. त्या भिंतीला म्हणाल्या, बरा. एवढंच. मग जुनी चिंध्यांची आजी उचलून आत घेऊन गेल्या. मला वाटलं होतं गळ्यात पडतील, किंवा रडतील तरी.

किमयाने विचारलं की जावई नाही तर मग आजी गाऱ्हाणं कुणाचं सांगणार? नळाचं, असं मी म्हणालो. गळक्या नळाचं. ती म्हणाली, आपल्या मोरीतला नळ पण गळतोय, बाबा. हो, बघतो म्हणालो.

१५ जुलै
डावं मनगटही सुजलं. आराम.

१९ जुलै, दुपार
तालीम राहिली आहे, पण भाषण तयार झालं. सहा पानं. सुरुवातीला पेणच्या मातीला वंदन, मध्ये थोडा संघर्ष, शेवटी डोळ्यांत पाणी. पाणी दोनदा येऊन बघितलं, येतं.

नूतन म्हणते की आईला एकटं घरी ठेवायचं नाही, त्या पण येणार. येऊ देत. त्यांनाही कळेल.

२१ जुलै, सकाळी ११.३०
कालचं लिहितो. जसं घडलं तसं.

पडदा वर गेला. मी बाहुली उंच धरली. पहिल्या रांगेतल्या पोरांनी बाहुली बघितली आणि हात जोडले. मग दुसऱ्या रांगेने. मग मागची पोरंही मांडी घालून नीट बसली. मी म्हणालो, बालमित्रांनो, पाणी हेच जीवन आहे. एका परीक्षकबाईंनी पायातल्या सँडल हळूच खुर्चीखाली सारल्या.

दुसऱ्या मिनिटाला दंडात गोळा आला. हात खाली येऊ लागला, बाहुलीची मान झुकली. आशीर्वाद मिळाला समजून पोरांनी डोकी टेकवली. मला पुढचं वाक्य आठवेना. आठवलं तेव्हा हात उचलेना. पाऊण मिनिट मी, ती आणि दोनशे पोरं असेच. वाटलं, संपलं सगळं, उद्यापासून घासकाम.

तेवढ्यात विंगेतून आवाज आला. आरं देवा, यो हितं पन झोपला काय!

सासूबाई. पदर डोक्यावर, तोंडासमोर जुनी चिंध्यांची आजी. आल्या त्या थेट स्टेजच्या मध्यावर. बाहुली पोरांना म्हणाली, ह्यो बगा आमचा जावय. दोन वर्सा रोह्याचे पोरांना सांगतंय, आता तुमी डोल्यांनी बगा! पानी वाचवाला आलाय. घरान मोरीचा नल म्हयना झाला गलतंय, तो कोन बंद करल, तुमचा बापूस? चिंबोरी बोलली मना, आजी, याचे पायाव मी आता दुसरा मजला काढतंय.

पोरं ओरडत होती, उभी राहून टाळ्या पिटत होती. परीक्षकबाई रुमालाने डोळे पुसत होत्या. मी प्रसंगावधान राखून जागचा हललो नाही. हलता येतच नव्हतं, तो भाग वेगळा.

पहिला पुरस्कार आपल्याला!

भाषण करायला पुढे झालो तर निवेदिकेने माइक सासूबाईंच्या बाहुलीसमोर धरला. ट्रॉफीवर तिथल्या तिथे चिकटवलेली पट्टी, 'उत्कृष्ट बाहुली कार्यक्रम, मैनाआजीचं गाऱ्हाणं, सीताबाई पाटील'. खाली बारीक अक्षरात 'साहाय्य: प्रवीण घरत', म्हणजे मी. मानपत्रात हाताने लिहिलंय, 'आळशी जावयाचे पात्र इतके जिवंत की तो आपल्याच घरात असावा असे वाटते.'

गाडीत हे वाक्य तीनदा वाचलं. मोरीचा नळ त्यांनी कशाला काढला? तो आपल्या घरातला आहे.

योगायोग असणार.

२२ जुलै
नूतनला आठवण करून दिली की पुरस्कार आला, सबब घासकाम रद्द. ती म्हणाली, पुरस्कार आईला आला. मी म्हणालो, अट नीट आठव, कुणाला यायला हवा असं ठरलंच नव्हतं. ती म्हणाली की तुझ्याशी बोलायला मला पण एक बाहुली करून दे.

२ ऑगस्ट
जे दोन महिने म्हणत होतो तेच झालं! मुंबईच्या मोठ्या चॅनलने कार्यक्रम घेतला. मैनाआजी दर रविवारी. आवाज सासूबाईंचा. बाहुली हलवायला त्यांचा माणूस. आणि आता जावई पडद्यावर दिसणार, खराखुरा माणूस.

सगळं स्वच्छ दिसतंय. नियती मला बाहुलीमागून बाहेर काढू पाहत होती. मी मूळचा नट आहे. कारखान्यात जाण्याचा विषय आता निघू नये.

चॅनलवाल्या समीक्षा मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, या ना, ऑडिशनला या, सगळ्यांनाच बोलावतोय.

संकल्प: पाच किलो कमी करणे. पहाटे पाचला उठणे.

९ ऑगस्ट
ऑडिशन. प्रसंग सोपा होता. जावई खाटेवर पडलाय, आजी हाक मारते, तो उठत नाही.

मी तीन प्रकारे उठलो नाही. एकदा करुण, एकदा विनोदी, एकदा थोडा तत्त्वज्ञ.

समीक्षा मॅडमनी बाजूला घेतलं. फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, काका, तुम्ही छान आहात, पण आळशी म्हणून खरे वाटत नाही. मेहनत दिसते.

बाहेर एसटीच्या थांब्यावर बसून राहिलो. दोन गाड्या सोडल्या. आळशी जावई म्हणजे मीच, हे मला माहीत होतं. पहिल्या चिंबोरीपासून माहीत होतं. मला वाटायचं, पोरं हसतायत ना, मग राहू दे, निदान तेवढं तरी माझं आहे. आता तेही दुसऱ्या कुणाला दिलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे इथे लिहायला नको होतं, पण शाईचं पेन आहे.

१० ऑगस्ट
काल जरा थकवा होता. कालची नोंद धरू नये.

भूमिका कुणा साईराजला मिळाली. वय सव्वीस. पुण्याचा. रोज व्यायाम करतो म्हणे. करू दे काय करायचं ते.

१७ ऑगस्ट, दुपारी ३
साईराज तीन दिवसांसाठी आपल्या घरी आलाय. चॅनलने पाठवलाय, जावयाचं निरीक्षण करायला. पोरगा नम्र आहे. सासूबाई त्याच्याशी थेट बोलतात, तोंडावरचा पदर मागे सारून, नावाने हाक मारून. त्याला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. आल्या आल्या त्याने मोरीचा नळ दुरुस्त केला.

दुपारी वही घेऊन माझ्यासमोर बसला. विचारलं, काका, सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही नक्की काय काय करता? सविस्तर सांगा, मला सगळं लागेल.

मी सांगायला तोंड उघडलं. मग जरा आठवून बघितलं. पुन्हा आठवून बघितलं. तो पेन धरून थांबला होता. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील.

तो हळूच म्हणाला, बस काका, मिळालं. आता हलू नका. आणि भराभर लिहायला लागला.