बागेतला अकराचा तास

दिंडोरी

प्रिय सरिता,

तुझा फोन झाल्यापासून मन थाऱ्यावर नाही. सरकारी वाहिनीवरच्या तुझ्या मुलांना अक्षरं शिकवणाऱ्या कार्यक्रमाचा निधी एप्रिलपासून बंद, कारण शाळांच्या पाहणीत तो बघणारी मुलंच सापडली नाहीत. डी.एड.ला असताना पंचवटीतल्या खोलीत आरशासमोर शिकवायचीस तू. परवा मात्र विचारलंस, "चैताली, आठ वर्षं मी कुणाशी बोलत होते गं?" मी विषय बदलला.

काल इथल्या एका द्राक्षबागेत गेले होते. हंगामाला सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. सोबतची मुलं कुठल्याच शाळेत जात नाहीत, त्यांना आमच्या शाळेत बोलवायचं होतं. टोळीची म्होरकी सुलाबाई. कामाची बोली करताना मजुरीच्याही आधी तिनं मालकाला अट घातली होती, जेवणाची सुट्टी बाराला नाही, अकराला. आणि तेवढा वेळ शेडमधला टीव्ही आमचा.

अकरा वाजले. घडांची विरळणी थांबली, कात्र्या खाली ठेवल्या गेल्या. पुढे मुलं, मागे बायका. पडद्यावर तू आलीस, हवेत 'ळ' काढलास, आणि सरिता, शेडमधले सगळे हात एकदम वर गेले. इवलेसे हात, आणि त्यांच्यामागे कात्री धरून घट्टे पडलेले हात. एकाच वळणानं फिरत होते. वीस वर्षं शिकवतेय, पण असा वर्ग मी पाहिला नाही. दारातून पाऊल आत टाकवेना.

तू माझी मैत्रीण म्हटल्यावर सुलाबाई कुजबुजली, "मंग सांगा की तिला, लय घाई करती. पोरांचं होतं, आमचा हात मधीच ऱ्हातो." मी काही बोलणार, तर मलाच दटावलं, "आता गप बसा बाई, ऐकू द्या!"

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते लिहिते. ती पाहणी आमच्या शाळेतही आली होती. फॉर्म मी भरला. आमच्या पटावरची मुलं अकराला वर्गात असतात, म्हणून 'कार्यक्रम पाहणारी मुले' या रकान्यात मी शून्य लिहिलं आणि सही केली. पटाबाहेरही मुलं असतात, हे मला सुचलंसुद्धा नाही. अशी शून्यं आणखी किती शाळांनी लिहिली असतील, कोण जाणे. चूक कबूल करणारं पत्र आज पाहणीच्या कार्यालयाला पाठवलं. प्रत सोबत आहे. खाली टोळीतल्या बायकांच्या सह्या आहेत. एकीनंही अंगठा उठवलेला नाही. निधीसाठीच्या सोमवारच्या बैठकीत हा कागद पुढे ठेव. माझ्यावर रागवायचं ते नंतर रागव.

रागावलीस तरी तुझीच,
चैताली