हिलालचं तोंड

५ जानेवारी, जळगाव

आले एकदाची! आईने एवढे खाखरे बांधून दिलेत की जणू मी धुळ्याहून जळगावला नाही, चंद्रावर निघाले होते. खोली बरी आहे, ऑफिस बसस्टँडमागे दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून केळ्यांचे ट्रक दिसतात. काम मात्र जहाजांचं! सरकारने जहाजं आणि बंदरांसाठी सायबर सुरक्षेचे नवे नियम काढलेत. प्रत्येक खलाशाने प्रशिक्षण घ्यायचं, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, प्रत्येक जहाजाला एक सायबर अधिकारी, तो रात्रंदिवस हजर. आणि माणूस गेला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद. ही कामं जहाज कंपन्या आमच्यासारख्या ऑफिसांवर सोपवतात. माझा धाकटा भाऊ रोनक पहिल्यांदाच जहाजावर गेलाय, त्याचंही जहाज आमच्याकडेच आहे. ही नोकरी त्यानेच सुचवली. म्हणाला, दीदी, तू तिथून माझ्यावर लक्ष ठेव.

एकच तक्रार. कीबोर्ड! शी! गुटख्याचे कण, कुणाचे तरी केस, चहाचा चिकटा. दुपारभर पुसत बसले.

७ जानेवारी

शेजारच्या टेबलावरच्या सादियाने काम शिकवलं. ती नशिराबादहून येते, बोलायला मोकळी. प्रशिक्षण कुणीच घेत नाही म्हणे. खलाशांच्या नावाने परीक्षा आपणच द्यायच्या, आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच: केळी एक दोन तीन. मी नियमांचं काढलं तर ती हसत सुटली. जहाजावर काही वेडंवाकडं झालं की आमच्या स्क्रीनवर अधिकाऱ्यासाठी प्रश्न येतो, ‘तुम्हीच का?’ आपण ‘होय, मीच’ दाबायचं आणि चहाला जायचं.

दुपारी सगळ्यांनी भरीत-पुरी खाल्ली. मला वांगं, कांदा, लसूण काहीच चालत नाही, म्हणून सगळ्यांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. त्याच तेलकट हातांनी सगळे पुन्हा कीबोर्ड बडवायला बसले. ह्या लोकांना किळस नावाची गोष्ट ठाऊकच नाही.

९ जानेवारी

आज जे केलं ते आईला कधीच सांगणार नाही.

रोनकच्या जहाजाचा सायबर अधिकारी म्हणजे शिंदखेड्याकडचा कुणी हिलाल. तो दिवाळीत समुद्रात पडला, सापडलाच नाही. खातं अजून चालूच! आमचे मालक भूपेंद्र सर म्हणाले, नव्या माणसाच्या मंजुरीला महिने जातात, तोवर जहाजाला बंदरात कोण घेईल? तुझाच भाऊ समुद्रात लटकेल.

पण अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवावा लागतो, डोळे मिचकवावे लागतात. त्यावर ह्यांनी काय अक्कल चालवावी? हिलालच्या गावातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स उतरवून आणला, त्यातलं त्याचं तोंड कापलं आणि डोळ्यांच्या जागी भोकं पाडली. ते तोंडावर धरायचं आणि आपले डोळे मिचकवायचे. बाकीचे कंटाळले, म्हणून आता मी.

आतून इतक्या जणांच्या श्वासाने तो फ्लेक्स चिकट झालाय. ओठांच्या जागी कुणाचीतरी वाळलेली लाळ होती. मेलेल्या माणसाचं तोंड, आणि वर दुसऱ्यांची थुंकी! रोनकसाठी धरलं. मग बेसिनवर साबण संपेपर्यंत तोंड धुतलं.

१२ जानेवारी

रोनकच्या जहाजावरून सूचना आली. हिलालच्या नावाने कुणीतरी आत प्रवेश मागत होतं. मी सादियाला दाखवलं. ती म्हणाली, मशीन बिघडलंय, दाबून टाक. मी तोंड धरलं, डोळे मिचकवले, ‘होय, मीच’ दाबलं.

फ्लेक्स आतून ओला होता. घाम नव्हे, बुळबुळीत काहीतरी. माझ्या ओठांना लागलं. खारट. आणि वास! मी जन्मात मासा शिजताना पाहिला नाही, तरी कळलं की हे सडलेलं आहे.

झाडायला येणाऱ्या सुगंधाबाईंनी नाकाला पदर लावला. बठ्ठा वास ह्या तोंडातूनच यी ऱ्हायना, सगळा इथूनच येतोय, म्हणाल्या, आणि माझ्या टेबलाजवळ झाडलंच नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. रोनकचा फोन आला. मी तिळगूळ म्हटलं, तो कुजबुजतच बोलला. जहाजभर घाण वास सुटलाय. त्याच्या केबिनबाहेर रोज पाणी साचतं, पाण्यात त्वचेचे तुकडे असतात. जेवणघरात एकजण सगळ्यांकडे पाठ करून बसतो आणि ताटाला हात लावत नाही. शेवटी त्याने विचारलं, दीदी, हिलाल कोण आहे? कामावरच्या माणसांत त्याचं नाव दिसतंय.

मी तोंडातला तिळगूळ थुंकला. आत घेतलं ते मीच. माझ्याच डोळ्यांनी.

१६ जानेवारी

काय वाटेल ते होवो, खातं बंद करायचं. सरांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले, घरी जा, झोप काढ. मी ऐकलं नाही.

बंद करायलाही चेहरा लागतो. ते गिळगिळीत तोंड पुन्हा धरलं. ‘चेहरा जुळत नाही.’ पुसून धरलं. नाही. तोंड खाली ठेवलं, नुसती बसले — आणि जुळला! माझा चेहरा. हिलाल म्हणून.

तरी खातं बंद होईना. नवा अधिकारी नेमा म्हणे. माणूस जहाजावरचाच हवा. माझ्या ओळखीचं तिथे एकच नाव. मला वाटलं, तो निदान जिवंत आहे, शहाणा आहे, ‘तुम्हीच का’ विचारलं तर खरं उत्तर देईल.

टाकलं. रोनक.

लगेच मंजूर झालं. महिने लागतात म्हणाले होते ना?

१७ जानेवारी

फोन लागत नाही. सकाळपासून लावतेय.

फ्लेक्स कोरा झालाय. तोंडच नाही त्यावर. पांढरा, आणि दोन भोकं. सादियाने पाहिलं आणि ती पर्स उचलून निघून गेली.

माझ्या ओठांवरचा तो खारटपणा जात नाही. साबण खाल्ला. खरंच खाल्ला.

१७, दुपार

स्क्रीनवर प्रश्न आला. ‘नवे अधिकारी रोनक, तुम्हीच का?’

मी दाबलं नाही. देवाशपथ, हात नाही लावला.

तिकडून उत्तर आलं. होय, मीच.

व्हिडिओ कॉल येतोय. रोनक! रोनकच आहे! हसतोय. बोलत का नाही — ओठ हलत नाहीत. भिजलास का रे —

डोळ्यांभोवती रेघ. कात्रीने कापल्यासारखी. आतले डोळे त्याचे नाहीत, पांढुरके, फुगलेले — माझ्याकडे बघून मिचकव