रिव्हर्सचा आवाज

सोमवार, संध्याकाळ

केनवडचा रामेश्वर आज त्याची जीप परत घेऊन आला. मागच्या आठवड्यात मीच तिचा गिअरबॉक्स खोलून जोडला होता. "भाऊ, तिसऱ्या गिअरात रडून राह्यली," म्हणे. मागची चाकं जॅकवर उचलून त्याला तिसरा टाकायला लावला. लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं, मूठ कानाला लावली. इंजिनाची घरघर तेवढी, रडणं कुठेच नाही.

"तिसऱ्याचे दाते तिरपे असतात, एकात एक हळूच शिरतात. ते कायले रडतीन? भास व्हून राह्यला तुले."

एवढ्यावर थांबायचं ना. पण फरक दाखवावा म्हणून मीच म्हटलं, आता रिव्हर्स टाक. रिव्हर्सचे दाते सरळ, अख्खा दाता एकदम दुसऱ्यावर बसतो. जीप कोरी करकरीत असली तरी त्या गिअरात कण्हतेच. पेचकस कानाला तसाच होता. हाताला थरथर लागत होती, कानात मात्र तीच घरघर, कण्हणं नाही.

"हो भाऊ, हा तर लय कण्हून राह्यला," रामेश्वर म्हणाला.

मी मान हलवली.

म्हणजे तिसऱ्याचं रडणंही खरंच असेल. कधीपासून असं आहे? किती गाड्या अशाच पाठवल्या? लोक मालेगावात एवढी गॅरेजं सोडून माझ्याकडे येतात ते या कानासाठी.

गिअरबॉक्स उद्या पुन्हा खोलतो, असं त्याला सांगितलं. काहून ते नाही सांगितलं. जोडीन तर मी नीटच. नीट जोडला की नाही, ते रामेश्वरलाच विचारावं लागेल.

पेचकस पुसून रोजच्या खिळ्याला टांगून आलो.