डावीकडं वळलेली चोच

लातूर, ६ जून
कोचिंगची पोरं यायला लागली. भूकंपानंतर शेडचे पत्रे ठोकले, आता या पोरांच्या पत्र्याच्या पेट्या. आज नांदेडचा एक बाप मुलीची पेटी घेऊन आला, कडी बसवायला. आतला कोपरा बघितला न् हात थांबला. पत्र्यावर एक पोचा न्हाई, ठोके सगळे डावीकडं उतरणारे. हे माझ्या हातोड्याचं काम, पण पेटी मी केलेली न्हाई. हातोड्याचं तोंड जरा फुगीर, कडा घासलेल्या, मागची निमुळती चोच लांब न् डावीकडं वळलेली, कारण मी डावरा. दोन वर्षं गेली ते वळण साधायला. असा दुसरा हातोडा न्हाई. नव्हता.

७ जून
हातोड्याचा नमुना एकाकडंच, मुरुडचा विठ्ठल लोहार. त्यानंच माझा घडवला, त्यानंच दुसऱ्या कुणाला दिला असणार. बायकोला, शमीमला, तसं म्हणलं. ती पीठ मळत राहिली.

९ जून
मुरुड. विठ्ठलनं चहा सांगितला, घेतला न्हाई. गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, माझा नमुना कुणाला दिला. त्यानं आतून लाकडी नमुना आणून पुढं ठेवला. "घेऊन जा, रशीदभाई. तुमचं काम आता माझ्या भट्टीत नको."
खरा असता तर भांडला असता. मला तरी तसंच वाटलं.

१४ जून
नांदेड. कडीसाठी ठेवलेली ती पेटी दाखवत दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानदारानं करणाऱ्याची गल्ली सांगितली. माझ्या बहिणीचीच, नजमाची. तिचा नवरा, दुल्हाभाई, पत्र्याचंच काम करतात, पण उजवे. त्यांचा विचारच केला न्हाई. दारातून बघितलं, डाव्या हातानं ठोकत होते. शेडवरून पडले तेव्हापासून उजवं मनगट वळत न्हाई. मला वाटलं होतं, बरं झालं असंल.
नजमा म्हणली, "ईदला तुमच्याकडं आले तेव्हा भाभीनं तुमचा हातोडा कागदावर काढून दिला."
हातोडा हातात घेतला. चोच आखूड झालीय. सांगणार होतो, पण दुल्हाभाई उभेच राहिले होते, खाली बघत.

१५ जून
शमीमला विचारलं. म्हणली, "तुम्ही दिला असता?"
मी विठ्ठलला शिव्या देत होतो तेव्हा ही शेजारीच होती. आणखी काय काय ऐकून गप्प बसली असंल...

१८ जून
मुरुड. स्टँडवर बसून लातूरच्या दोन गाड्या जाऊ दिल्या. मग भट्टीवर गेलो.
विठ्ठलनं मान वर केली न्हाई. "कोण निघालं?"
"घरातलंच."
त्यानं लोखंड परत आगीत सारलं. बस म्हणला न्हाई. जा बी म्हणला न्हाई.