एक्क्याण्णवावी मुलगी

१९ जानेवारी

एक मुलगी कमी करायची, तर कोणती? खेळाच्या इंद्रजीत सरांनी मलाच विचारलं.  

झालं असं – सव्वीस जानेवारीच्या लेझीमसाठी मुली मोजल्या. एक्क्याण्णव. "मॅडम, सारख्या रांगा पडतील?" दोन, तीन, पाच – मनात झरकन भाग देऊन पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाही सर. मूळ संख्या आहे." "मग नव्वदच!" म्हणत सरांनी सातवीतल्या यूम्नाला बाहेर काढलं. मोरा गावाहून दिवाळीनंतर आलेली, सगळ्यांत नवी. "शेवटी आलीस ना? जा, पाण्याच्या बाटल्या सांभाळ."

ती बाटल्यांपाशी जाऊन बसली.

२० जानेवारी

शेजारी तिसरीचा वर्ग. पाढे चालले होते. तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते एक्क्याण्णव –

माझा खडू फळ्यावरच थांबला.

तेरा-तेराच्या सात रांगा! हा पाढा मला पहिलीच्या आधीपासून पाठ. आणि गणितात बीएस्सी, बीएड होऊन मी... शी!

२१ जानेवारी

सरांना एकटं गाठून सात रांगांचं सांगितलं. ते हसले. "मैदानात मावतील हो! पण कार्यक्रम तोंडावर आलाय. हेडबाईंना काय सांगू – गणिताच्या मॅडमना तेराचा पाढा येत नाही?" मग हळूच, "मनस्वी मॅडम, तुम्हाला कायम करायचं की नाही, ते या महिन्यात ठरणार. एका मुलीने काय बिघडतं?"

गप्प बसले. हो, मी!

नेऱ्याला घरी आले तर बाबा ओटीवर शेजाऱ्यांना सांगत होते, "कसला पन हिसाब असंल, आमच्या मनूला इचारा. ती चुकायची नाय!" घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. भाकरी अर्धीच टाकून उठले.

२२ जानेवारी

मोकळ्या तासाला नुसती आकडेमोड करत बसले. एक ते तेरा मिळवले – एक्क्याण्णव. एक ते सहाचे वर्ग मिळवले – एक्क्याण्णव! मधोमध एक मुलगी, तिच्याभोवती सहा, मग बारा, अठरा, चोवीस, तीस – पुन्हा तेच! किती तऱ्हांनी सगळ्यांना सामावून घेतो हा आकडा. एक काढली की यातलं काहीच जमत नाही. आणि मी त्याला मूळ म्हणून मोकळी!

शाळा सुटताना फाटकाशी यूम्नाची आई, झुबेदाभाभी. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "मॅडम, हिसाबच तसा असेल तर दोष कोणाला द्यायचा? मी समजावलं तिला. मॅडम बोलल्या म्हणजे बरोबरच असणार. पण पोर जेवत नाही हो."

त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं!

२३ जानेवारी

जिन्यात सर भेटले. "विसरलात ना ते?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

२४ जानेवारी

हेडबाईंच्या खोलीबाहेर बसले आहे. आत बोलावणार आहेत. 

प्रार्थना संपल्यावर माईक मागून घेतला आणि सगळ्या शाळेसमोर सांगून टाकलं – गणित माझं चुकलं, यूम्नाला रांगेत घ्या.